बाटलीवरचे १५०० नेमके कशाचे?

प्रश्न : मी ३१ वर्षांची, ठाण्यात राहते, आयटीत नोकरी. गेले पाच महिने मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज चिंतेवरची एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम आणि अगदीच लागली तर क्लोनाझेपॅम ही शामक गोळी ०.२५ घेते. रात्रीची घालमेल थांबली, पण सकाळच्या मीटिंगआधी धडधड, तळहाताला घाम, घशाला कोरड हे चालूच आहे. मैत्रिणीने भांगेच्या झाडापासून काढलेलं सीबीडी तेल सुचवलं. पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर प्रिस्क्रिप्शन मिळालं आणि २८०० रुपयांची ३० मिलीची बाटली घरी आली. वर 'विजया अर्क १५०० मिग्रॅ' असं लिहिलंय. रोज दोनदा पाच-पाच थेंब घ्यायचे. अजून उघडलेली नाही, कारण दोन वर्षांपूर्वी होळीला भांगेची थंडाई प्यायले तेव्हा आता आपण मरतो असं वाटलं होतं. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, तेलात पैसे घालवू नकोस, रात्री जॉइंटचे दोन झुरके मार. गोळी बंद करून तेलावर जाता येईल का? नवरा मर्चंट नेव्हीत आहे, दीड महिन्यात जहाजावर जाईल; त्याला झोपेसाठी हेच तेल चालेल का? पुढच्या वर्षी बाळाचाही विचार आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बाटली उघडली नाहीत हे बरं केलंत. तेलाचं काय करायचं ते पुढे पाहू, पण गोळीचं आधी. एस्सिटॅलोप्राम परस्पर बंद करू नका. पाच महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांत गरगरणं, डोक्यात शॉक लागल्यासारखे झटके, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि पुन्हा तीच धडधड सुरू होऊ शकते. त्याच आठवड्यात तेल सुरू केलंत तर कशाने काय होतंय याचा पत्ता ना तुम्हाला लागेल, ना डॉक्टरांना. गोळी कमी करायची झालीच तर डॉक्टर ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.

आता बाटली हातात घ्या आणि लेबल नीट वाचा. त्यावर सीबीडी १५०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं नाही, विजया अर्क १५०० मिलिग्रॅम असं लिहिलंय. विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग. तिच्या पानांचा अर्क काढला की त्यात सीबीडी येतं, टीएचसी येतं, शिवाय मेण, हरितद्रव्य, वास देणारी तेलं, सगळंच येतं. टीएचसी म्हणजे ज्याने नशा चढते ते. सीबीडीने नशा चढत नाही. एकाच झाडाची ही दोन लेकरं, पण चिंतेच्या बाबतीत दोघांचे स्वभाव वेगळे. तुमच्या लेबलवर दोघांची बेरीजसुद्धा नाही; अख्ख्या अर्काचं वजन तेवढं आहे. १५०० मिलिग्रॅम साखरआंबा म्हणून सांगितलं, तर त्यात आंबा किती आणि साखर किती हे जसं कळत नाही, तसंच हे.

हिशेब मांडून बघू. १५०० भागिले ३०, म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम अर्क. तेलाचे थेंब लहान-मोठे पडतात, त्यामुळे थेंब मोजून मात्रा ठरवणं हा तसा अंदाजपंचेच कारभार. ड्रॉपरवर मिलीची खूण असेल तर ती वापरायची असते. तरी दहा थेंब म्हणजे जास्तीत जास्त अर्धा मिली धरू. दिवसाला २५ मिलिग्रॅम अर्क झाला. तो सगळाच्या सगळा सीबीडी आहे असं मोठ्या मनाने मानलं, तरी दिवसाला २५ मिलिग्रॅम.

चिंतेवर सीबीडीचा गुण दिसला तो किती मात्रेला? या विषयावरचं बरंच काम ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठात झालं. लोकांना अचानक भाषण करायला उभं करायचं आणि आधी कॅप्सूल द्यायची, अशी त्यांची पद्धत. तुमच्या मीटिंगसारखाच प्रसंग, म्हणून ते आकडे तुमच्या कामाचे आहेत. २०११ च्या प्रयोगात सामाजिक चिंतेचा विकार असलेले २४ जण होते. बारा जणांना ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं, बारा जणांना खोटी कॅप्सूल. सीबीडीवाल्यांची भाषणाच्या वेळची भीती स्पष्टपणे कमी भरली. २०१९ मध्ये ५७ निरोगी पुरुषांवर १५०, ३०० आणि ६०० अशा तीन मात्रा तपासल्या, तेव्हा फक्त ३०० ने फरक पडला. १५० कमी पडलं आणि ६०० नेही काम केलं नाही. म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. शिवाय हे सगळे एकदाच दिलेल्या मात्रेचे, काही तासांचे प्रयोग. महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्याचं काय होतं, ते यावरून सांगता येत नाही.

२५ मिलिग्रॅमच्या आसपासच्या मात्रेची एक नोंद आहे, ती अमेरिकेतल्या कोलोरॅडोची, २०१९ मधलीच. ७२ रुग्णांना बहुतेक करून दिवसाला २५ मिलिग्रॅम दिलं आणि पहिल्या महिन्यात त्यांतल्या ५७ जणांचा चिंतेचा गुणांक उतरला. पण त्यात खोट्या गोळीचा गट नव्हता, आणि बरेच जण इतर औषधं, समुपदेशन घेतच होते. चिंतेच्या आजारात नुसतं 'काहीतरी सुरू केलं' या भावनेनेही महिनाभर बरं वाटतं. जाहिरातीत मात्र हाच आकडा सगळ्यात पुढे असतो.

तुम्हाला ३०० मिलिग्रॅमची मात्रा या बाटलीतून काढायची म्हटली, तर रोज ६ मिली तेल प्यावं लागेल. बाटली पाच दिवसांत संपेल. महिन्याला सहा बाटल्या, १६,८०० रुपये. त्यातही अर्कात टीएचसी असेल, तर ६ मिली पिऊन तुमची होळी पुन्हा साजरी होईल, त्याहून जोरात.

त्या होळीला काय झालं ते आता सांगता येतं. टीएचसीची थोडी मात्रा सैल करते आणि जरा पुढे गेलं की तीच भीती वाढवते. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१७ मध्ये ४२ जणांवर हे मोजलं. परीक्षकांसमोर बोलायचं, मनात वजाबाक्या करायच्या, असा ताण दिला. ७.५ मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांना ताण कमी जाणवला, १२.५ मिलिग्रॅमवाल्यांचा मूड ताण द्यायच्या आधीपासूनच बिघडला आणि कामही ढासळलं. दोन्हींत अंतर फक्त ५ मिलिग्रॅमचं. घोटलेल्या भांगेच्या गोळीत टीएचसी किती, हे घोटणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यातून पोटातून घेतलेलं टीएचसी चढायला अर्धा ते दोन तास लागतात, कारण ते आतड्यातून यकृतात जातं, तिथे त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि मग ते मेंदूत पोचतं. ठरलेला किस्सा असा : पहिला ग्लास, पाऊण तास काहीच नाही, 'अरे, यात काही दमच नाही' म्हणून दुसरा ग्लास, आणि मग दोन्ही एकदम. हृदयाचे ठोके १२०-१३० वर जातात, वेळ थांबल्यासारखी वाटते, आणि ज्याला आधीच धडधडीची धास्ती आहे तो त्याला हार्ट अटॅक समजतो. तुमच्या बाबतीतही बहुधा असंच झालं असणार. भांग 'खराब' होती म्हणून नव्हे, तुमचा मेंदू धडधडीचा अर्थ धोका असा लावतो म्हणून.

हाच न्याय बाटलीला लावा. धरून चालू की अर्कात ४० टक्के टीएचसी आहे. मग पाच थेंबांच्या एका वेळेत ५ मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी गेलं. चार दिवसांनी 'गुण येत नाही' म्हणून पाचाचे दहा थेंब केलेत, की १० मिलिग्रॅम. शिकागोच्या त्या दोन आकड्यांच्या मधोमध. आणि त्या प्रयोगात घेतलेल्या लोकांनी पूर्वी कधी ना कधी गांजा ओढलेला होता. तुमच्या गाठीशी होळीचा तेवढा अनुभव आहे.

मित्राच्या झुरक्यांबद्दल. पहिल्या महिन्यात मित्र खरं बोलतोय असंच वाटेल. ओढलेला गांजा काही मिनिटांत लागू होतो, दोन-तीन तासांत ओसरतो, त्या वेळात डोकं शांत. पण रोज रात्री ओढला की मेंदू टीएचसी धरूनच आपलं गणित बसवतो. मग एखाद्या दिवशी नाही मिळाला की एक ते तीन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं आणि घालमेल सुरू होते, आणि ती एक-दोन आठवडे टिकते. हे गांजा सुटल्याचं लक्षण आहे हे माणसाला कळत नाही. त्याला वाटतं आपला जुना आजार उसळला, म्हणजे गांजा आपल्याला लागतोच. व्यसनाचा हा दरवाजा फार साधा दिसतो, म्हणूनच त्यातून लोक सहज आत जातात. आपल्याकडे जॉइंट बहुतेक वेळा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून वळतात, म्हणजे झोपायच्या वेळी वर निकोटिनही, जे ठोके वाढवतं आणि झोप मोडतं. 'हायड्रो' म्हणून जो जास्त कडक गांजा मिळतो त्यात तर टीएचसी आणखी जास्त. आणि 'नैसर्गिक आहे' या युक्तिवादाला आमचं एकच उत्तर असतं : धोतराही नैसर्गिकच आहे.

घरात कुणाला, म्हणजे आई-वडील, भावंडं, मामा-काका यांपैकी, स्किझोफ्रेनिया किंवा संशयाचा, भास होण्याचा आजार झाला असेल, तर टीएचसी असलेलं काहीच घेऊ नका, तेलातूनही नाही. याला अपवाद नाही.

आता गोळी आणि तेल यांचं जमतं का, हा मुख्य मुद्दा. यकृतात औषधं मोडणारी काही विकरं असतात. एस्सिटॅलोप्राम मोडण्याचं मोठं काम सीवायपी २सी१९ नावाच्या विकराचं, आणि सीबीडी नेमकं त्यालाच अडवतं. २०२१ मध्ये छापलेल्या एका छोट्या अभ्यासात, सिटॅलोप्राम (तुमच्या गोळीचंच भावंड) किंवा एस्सिटॅलोप्राम घेणाऱ्या तरुण रुग्णांना २०० ते ८०० मिलिग्रॅम सीबीडी दिल्यावर रक्तातली सिटॅलोप्रामची पातळी चढलेली आढळली. म्हणजे तुम्ही १० घेताय, पण शरीराला त्याहून जास्त पोचतंय. मळमळ, जुलाब, घाम, हात थरथरणं, अनाहूत पेंग हे त्याचे इशारे; पातळी फार वाढली तर ईसीजीमधला एक टप्पा लांबतो, म्हणून हृदयविकार असणाऱ्यांना जास्त जपावं लागतं. दिवसाला २०-२५ मिलिग्रॅमला हा परिणाम बराच सौम्य असेल, पण मग गुणही तितकाच सौम्य. क्लोनाझेपॅमबरोबर वेगळी अडचण आहे. दोन्हींची गुंगी एकमेकांत मिसळते. त्या दिवशी गाडी चालवू नका, आणि दारू तर मुळीच नको.

यकृताचंही बघावं लागतं. सीबीडीचं रीतसर औषध जगात आहे, एपिडायोलेक्स; अमेरिकेत २०१८ मध्ये ते लहान मुलांतल्या दोन दुर्धर प्रकारच्या अपस्मारांसाठी मंजूर झालं. चिंतेसाठी नव्हे, हे लक्षात घ्या. त्या औषधाबरोबर सुरुवातीला आणि पुढे एक, तीन व सहा महिन्यांनी यकृताच्या तपासण्या करायला सांगितल्या आहेत, कारण काहींचे एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याचं दाखवणारे आकडे, वाढतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी खाद्यपदार्थांतल्या सीबीडीची सल्ल्याची मर्यादा दिवसाला ७० मिलिग्रॅमवरून १० वर आणली. एकीकडे प्रयोगातली ३०० ची मात्रा, दुसरीकडे दुकानातल्या मालासाठी १० ची मर्यादा. बाजारातली बाटली या दोहोंच्या मधे कुठेतरी लटकलेली आहे.

तुमचं पत्र आम्हाला दुसरंच काही सांगतं. रात्रीची घालमेल थांबली, म्हणजे गोळी काम करतेय. उरली आहे ती एका ठरावीक वेळेची, ठरावीक प्रसंगाची भीती. तिच्यासाठी दिवसभर अंगात राहणारं आणखी एखादं द्रव्य कशाला? डॉक्टरांना हे असंच सांगा : 'बाकी बरं आहे, सकाळी दहाच्या मीटिंगआधी धडधडतं.' मग त्यांच्यापुढे तीन-चार रस्ते असतात. १० ची मात्रा वाढवायची का (ही गोळी २० पर्यंत देतात), प्रसंगापुरती प्रोप्रॅनोलॉल ही धडधड कमी करणारी गोळी द्यायची का (दमा असेल तर आधी सांगा, ती चालत नाही), आणि थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासलंय का. शेवटच्या दोन तपासण्या राहून जातात आणि धडधड 'मनाची' ठरते, असं पुष्कळदा घडतं.

आणि समुपदेशन. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी नावाची उपचारपद्धत या नेमक्या भीतीवर चांगली चालते. साधारण १२ ते १६ बैठका लागतात. त्यातले दोन तुकडे तुम्हाला उद्यापासून करता येतील. पहिला : मीटिंगच्या अर्धा तास आधी एक मिनिट जिना भराभर चढा-उतरा, ठोके मुद्दाम वाढू द्या, मग खुर्चीत बसून ते आपोआप उतरताना नुसते बघा. पाणी पिऊ नका, फोन घेऊ नका, नाडी मोजू नका. आठ-दहा दिवस रोज. धडधड झाली म्हणजे काही वाईट होतंय असं नाही, हे शरीराला असंच शिकवावं लागतं. डोक्याला सांगून ते कळत नाही. (हृदयाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) दुसरा : मीटिंगच्या पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य बोलून टाका, कितीही फुटकळ. 'आवाज येतोय ना?' सुद्धा चालेल. आपली पाळी येईपर्यंत वाट बघण्यातच निम्मी भीती शिजते. श्वासाचं म्हणाल तर चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं; पण हे रात्री करा. मीटिंगच्या तोंडावर केलंत की तोही एक टेकू होतो. सकाळचे चहा-कॉफी किती होतात तेही बघा. दहाच्या आत तीन कप पोटात जात असतील तर एकावर या, पण आठवडाभरात हळूहळू, नाहीतर डोकं दुखेल.

हे सगळं ऐकूनही तेल घेऊनच पाहायचं असेल, तर लपून घेऊ नका आणि असं घ्या.

विक्रेत्याकडून तुमच्या बाटलीच्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. वेबसाइटवरचा नमुना अहवाल नको. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक तोच हवा. त्यात सीबीडी आणि टीएचसी प्रत्येकी मिलीमागे किती मिलिग्रॅम, हे वेगवेगळं दिलेलं पाहिजे. टीएचसीच्या रकान्यात टीएचसीए, म्हणजे टीएचसीचं कच्चं रूप, हेही मिळवलंय का बघा. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, कीटकनाशकं आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावकाचा अंश, हे तपासलेलं असावं. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी. बाटलीवर आयुष परवाना क्रमांक हवा, आणि भांग ही औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत असल्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा हिंदी आणि इंग्रजीत छापलेला हवा. यातलं काही नसेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, बाटली परत करा. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलाप्रमाणे माल निघाला फक्त २६ मध्ये, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं.

जाता जाता : दुकानात 'हेम्प सीड ऑइल' मिळतं ते वेगळं. ते भांगेच्या झाडाच्या बियांचं तेल, करडई-जवसाच्या पंगतीतलं. २०२१ पासून अन्न म्हणून विकायला परवानगी आहे. चटणीत, सॅलडवर खुशाल घाला. त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्याने चिंता जाईल ही आशा नको.

अहवाल ठीक निघाला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन करून घ्या आणि महिन्याने पुन्हा करा. सुरुवात ५ ते १० मिलिग्रॅम सीबीडीने, रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा. नेहमी जेवणानंतर घ्या. तुपातेलाच्या जेवणावर सीबीडीचं शोषण चारपटीपर्यंत वाढतं, म्हणून एक दिवस उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीवर असं केलंत तर मात्रा एकच राहूनही परिणाम भलताच वेगळा येईल. जिभेखाली मिनिटभर धरायला सांगतात, धरा. पण बराचसा भाग शेवटी पोटातच जातो. आठवडाभर मात्रा हलवू नका. 'जीएडी-७' नावाची चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. सुरू करायच्या दिवशी आणि मग दर दोन आठवड्यांनी भरा. २१ पैकी गुण चार-पाचाने उतरले तर काही घडतंय. एक-दोनाने उतरले तर तो रोजचा चढउतार. चार आठवड्यांत फरक नाही, तर थांबा. एखाद्या दिवशी घाबरल्यासारखं झालंच, तर शांत खोलीत कुणाला तरी सोबत घेऊन बसा. पोटातून घेतलेलं उतरायला सहा-आठ तास लागतात, पण उतरतं. लिंबू-ताकाचे उतारे केले तर तोटा नाही, पण पेंगत असलेल्या माणसाच्या घशात काही ओतू नका. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, थांबत नसलेली उलटी, भास : यांपैकी काही झालं तर दवाखाना, आणि तिथे काय घेतलं ते खरं सांगा. वेप पेनच्या वाटेला जाऊच नका. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे आणि आत काय भरलंय ते कुणीच तपासत नाही.

बाळाचं लिहिलंत ते फार बरं झालं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना सीबीडी नाही, टीएचसी नाही, भांग नाही. टीएचसी वारेतून बाळापर्यंत जातं आणि दुधातही उतरतं. प्रयत्न सुरू करायच्या आधीच थांबवलेलं असावं, दिवस राहिल्यावर नव्हे. एस्सिटॅलोप्रामचं काय करायचं, हेही त्याच वेळी डॉक्टरांशी बोला. बऱ्याच बायकांची ती चालू ठेवतात, त्यामुळे घाबरून आधीच सोडू नका.

यजमानांना एक थेंबही नको. जहाजावर चढण्यापूर्वीच्या मेडिकलमध्ये आणि पुढे जहाजावर, बंदरावर अचानक लघवी तपासतात. ती चाचणी सीबीडी शोधत नाही, टीएचसीचा शरीरात उरलेला अंश शोधते. नेहमीची मर्यादा मिलीला ५० नॅनोग्रॅम. टीएचसी चरबीत साठतं आणि रोज घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे निघत राहतं, म्हणजे दीड महिना आधी बंद केलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. 'आयुर्वेदिक तेल घेतलं होतं' हे सांगून करार वाचत नाही. बाटली सामानात तर अजिबात जाऊ नये. सिंगापूरमध्ये सीबीडीसुद्धा बेकायदा आहे आणि आखाती देशांतले कायदे फार कडक आहेत. इथलं प्रिस्क्रिप्शन तिथे चालत नाही. त्यांच्या झोपेचं दुखणं बहुधा वॉच ड्युटीच्या वेळापत्रकाचं असेल; ते डॉक्टरांना वेगळं दाखवा.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस, येतात. नुसती पानं येत नाहीत. तेवढ्या फटीतून ही विजया तेलं बाजारात आली. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात परवान्याशिवाय भांग बाळगणंही बसतं, त्यामुळे प्रिस्क्रिप्शन आणि बिल बाटलीसोबतच ठेवा. मित्राच्या जॉइंटला ही सवलत नाही : थोडा, म्हणजे किलोच्या आतला गांजा जवळ सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोव्यात चालतं हा गैरसमज आहे, तिथेही हाच कायदा. परदेशातून कुरिअरने सीबीडी मागवण्याच्या भानगडीतही पडू नका.

मित्राचे दोन झुरके रोजचे झाले असतील आणि सोडवत नसतील, तर त्याला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक द्या, किंवा पुण्याच्या मुक्तांगणचं नाव सांगा. तुम्हाला अवेळी फारच घालमेल झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ आहे; फुकट आहे, मराठीत बोलतात.

डॉक्टरांची पुढची भेट ठरली की बाटली पिशवीत घालून सोबत न्या, तिचा फोटो नको. बॅच क्रमांक बहुतेक वेळा तळाशी किंवा झाकणाच्या कडेला छापलेला असतो आणि फोटोत तो कधीच वाचता येत नाही.